सौर औष्णिक ऊर्जा इतर वीजकेंद्रांना जोडताना : गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सौर औष्णिक वीज आणि छपरावरच्या पॅनेलची वीज यांत नेमका फरक काय?

पॅनेल प्रकाशापासून थेट वीज तयार करते. तेथे वाफ नसते, टर्बाइन नसते आणि फिरणारा भागही जवळजवळ नसतो. सौर औष्णिक पद्धतीत आरसे सूर्यकिरण एखाद्या लांब नळीवर किंवा उंच मनोऱ्याच्या माथ्यावर एकवटतात. त्या उष्णतेने तेल, वितळलेले क्षार किंवा प्रत्यक्ष पाणीच तापवले जाते आणि तेथून पुढे वाफ, टर्बाइन, जनित्र, कंडेन्सर (वाफेचे पुन्हा पाणी करणारे यंत्र) ही साखळी कोळशाच्या केंद्रात असते तशीच असते. केंद्राचा हा उत्तरार्ध दोन्हीकडे सारखा असल्यामुळेच आरशांचे क्षेत्र दुसऱ्या एखाद्या औष्णिक केंद्राला जोडण्याचा विचार करता येतो. पॅनेलच्या बाबतीत अशी जोडणी फक्त तारांच्या पातळीवर होते, वाफेच्या पातळीवर होत नाही.

पण जोडायचे कशासाठी? सौर केंद्र स्वतंत्र का चालू नये?

स्वतंत्र चालते आणि जगात अशी केंद्रे बरीच आहेत. तरीही टर्बाइन, कंडेन्सर, पाण्याची व्यवस्था, उपकेंद्र आणि पारेषण वाहिन्या यांवरचा खर्च मोठा असतो आणि फक्त सूर्यावर चालणाऱ्या, साठवणूक नसलेल्या केंद्रात ही सगळी यंत्रसामग्री संध्याकाळनंतर रिकामी बसते. हीच यंत्रसामग्री गॅस, कोळसा, लाकूडफाटा किंवा उसाच्या चोथ्यावर आधीपासून चालत असेल, तर आरशांच्या मालकाला केवळ आरसे, नळ्या आणि एक उष्णता-विनिमयक (तेलाची उष्णता पाण्याला देणारे यंत्र) एवढ्यावर भागवता येते. शिवाय ढग आला म्हणून टर्बाइन थांबत नाही, कारण इंधनाची झडप तेवढी जास्त उघडते. कॅलिफोर्नियाच्या मोहावे वाळवंटात १९८४ ते १९९० या काळात उभी राहिलेली, एकूण ३५४ मेगावॉटची आरशांची केंद्रेसुद्धा मर्यादित प्रमाणात नैसर्गिक वायू जाळण्याची सोय ठेवूनच बांधली गेली होती. म्हणजे ही जोडणी सौर औष्णिक विजेइतकीच जुनी आहे.

गॅसवर चालणाऱ्या केंद्राशी जोडणी कशी होते?

गॅसचे आधुनिक केंद्र संयुक्त चक्रावर चालते. आधी गॅस टर्बाइन फिरते, मग तिच्यातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंवर दुसऱ्या बॉयलरमध्ये वाफ तयार होते आणि त्या वाफेवर दुसरी टर्बाइन फिरते. सूर्याची वाफ या दुसऱ्या बॉयलरच्या मधल्या टप्प्यात मिसळली जाते. आरशांच्या नळ्यांतले तेल साधारण ३९० अंश सेल्सिअसपर्यंतच तापवता येते, कारण त्यापुढे ते विघटित होऊ लागते. पण नंतरच्या कडक तापमानापर्यंतची चढण गॅस टर्बाइनच्या गरम वायूंनी पार होते, त्यामुळे सूर्याच्या मध्यम तापमानाच्या उष्णतेचेही चांगले चीज होते.

याचा आणखी एक फायदा कमी वाचकांच्या लक्षात येतो. हवा तापली की ती विरळ होते आणि गॅस टर्बाइनची क्षमता दर अंशामागे अर्धा ते एक टक्का इतकी घटते. एप्रिल-मेच्या दुपारी पंखे आणि एसी सर्वांत जास्त चालतात, नेमकी त्याच वेळी ही घट होते. सूर्याची वाफही त्याच वेळी भरपूर असते, म्हणून ती काही अंशी ही तूट भरून काढते.

उदाहरणे उत्तर आफ्रिकेत आहेत. मोरोक्कोतील ऐन बेनी माथर येथे सुमारे ४७० मेगावॉटच्या केंद्रात सूर्याचा वाटा २० मेगावॉट आहे. इजिप्तमधील कुरैमात येथे १४० पैकी २० मेगावॉट आहे. अल्जीरियातील हासी रमेल येथील १५० मेगावॉटच्या केंद्रातही हा वाटा २० ते २५ मेगावॉटच्या घरात आहे. ही तिन्ही केंद्रे २०१० आणि २०११ मध्ये सुरू झाली. अमेरिकेत फ्लोरिडातील मार्टिन येथे २०१० मध्ये ७५ मेगावॉटचे आरशांचे क्षेत्र तयार झाले आणि ते जुन्या गॅस केंद्राला जोडले गेले.

सूर्याचा वाटा इतका कमी का? हा केवळ दिखावा नव्हे का?

शंका रास्त आहे. सूर्याची वाफ सामावून घ्यायची तर वाफेची टर्बाइन मुळातच थोडी मोठी घ्यावी लागते. रात्री ही मोठी टर्बाइन कमी भारावर चालते आणि तिची कार्यक्षमता घसरते. सूर्याचा वाटा वाढवत नेला तर दिवसा जे कमावले त्यातले काही रात्री गमवावे लागते आणि एका मर्यादेनंतर गॅस वाचण्याऐवजी वाया जाऊ लागतो. म्हणून अभियंते हा वाटा स्वतःहून कमी ठेवतात. वर्षाच्या हिशेबात तर तो आणखी उतरतो, कारण गॅस चोवीस तास जळतो आणि सूर्य काही तासच असतो. अशा केंद्राला ‘सौर केंद्र’ म्हणून मिरवणे मला पटत नाही. इंधनात थोडी बचत करणारे गॅस केंद्र, एवढेच त्याचे प्रामाणिक वर्णन होईल.

गोव्यात असे गॅस केंद्र आहे का?

साकवाळ येथे रिलायन्सचे ४८ मेगावॉटचे, संयुक्त चक्रावर चालणारे केंद्र होते. ते मुख्यतः नाफ्त्यावर, म्हणजे खनिज तेलापासूनच्या एका हलक्या इंधनावर, चाले आणि त्याची वीज महाग पडे. राज्याशी झालेला त्याचा करार २०१४ मध्ये संपला. आज गोव्याची वीज बहुतांश केंद्रीय वाट्यातून, पश्चिम विभागीय ग्रिडमार्फत येते आणि तिच्यात कोरबा, विंध्याचल यांसारख्या दूरच्या कोळसा केंद्रांचा हिस्सा मोठा आहे. म्हणजे आरसे जोडण्यासारखे मोठे चालते केंद्र गोव्याच्या सीमेत नाही, हे लक्षात ठेवूनच पुढची उत्तरे वाचावीत.

कोळशाच्या केंद्राला सूर्याचा काय उपयोग?

कोळशाच्या केंद्रात बॉयलरकडे जाणारे पाणी आधी टप्प्याटप्प्याने तापवले जाते आणि त्यासाठी टर्बाइनमधूनच थोडी वाफ मध्येच काढून घेतली जाते. ही वाफ टर्बाइनमध्ये शेवटपर्यंत राहिली असती तर तिने वीज दिली असती. पाणी तापवण्याचे हे काम सूर्याने केले, तर ती वाफ टर्बाइनमध्येच राहते आणि त्याच कोळशात थोडी जास्त वीज मिळते किंवा तेवढीच वीज थोड्या कमी कोळशात मिळते. यासाठी दोनशे-अडीचशे अंशांची उष्णता पुरते, त्यामुळे सपाट, स्वस्त आरशांच्या रांगाही चालतात.

तत्त्व निर्दोष असूनही अनुभव संमिश्र आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधील लिडेल केंद्रात अशी छोटी जोडणी प्रत्यक्ष चालवून पाहिली गेली, पुढे ते कोळसा केंद्रच २०२३ मध्ये बंद झाले. क्वीन्सलँडमधील कोगन क्रीक केंद्राला ४४ मेगावॉटची जोड देण्याचा प्रकल्प बांधकाम सुरू होऊनही २०१६ मध्ये सोडून देण्यात आला. आयुष्याच्या उताराला लागलेल्या कोळसा केंद्राला नवे आरसे जोडताना, आरसे आधी निवृत्त होतील की केंद्र, हा प्रश्न विचारावाच लागतो.

भारतात असा प्रयत्न झाला का?

जोधपूरजवळच्या मथानिया येथे १४० मेगावॉटचे, त्यात ३५ मेगावॉट सूर्याचे, असे संयुक्त चक्राचे केंद्र उभारायचे ठरले होते. जागतिक पर्यावरण निधीचे अनुदान आणि जर्मनीच्या विकास बँकेचे कर्ज यांची आखणी झाली होती, पण कोणते इंधन, कोठून आणि कोणत्या दराने घ्यायचे याचे घोडे वर्षानुवर्षे अडून राहिले आणि केंद्र उभे राहिलेच नाही. ऊन मुबलक असून प्रकल्प अडला तो गॅस-नाफ्त्याच्या प्रश्नावर. मिश्र केंद्राला दोन्ही इंधनांचे धोके उचलावे लागतात, हा धडा त्यातून मिळतो.

स्वतंत्र सौर औष्णिक केंद्रे मात्र भारतात झाली. राष्ट्रीय सौर अभियानाच्या पहिल्या टप्प्यात २०१० मध्ये ४७० मेगावॉटची सात केंद्रे मंजूर झाली. त्यांपैकी राजस्थानातील नोख येथील ५० मेगावॉटचे केंद्र २०१३ मध्ये आणि धुरसर येथील १२५ मेगावॉटचे केंद्र २०१४ मध्ये सुरू झाले. बाकीच्यांपैकी बहुतेक रखडली. त्या वेळच्या बोली प्रतियुनिट साडेदहा ते सव्वाबारा रुपयांच्या होत्या. २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात पॅनेलच्या विजेची बोली १ रुपया ९९ पैशांवर आली. या दोन आकड्यांमधल्या दरीने भारतातील सौर औष्णिक विजेचे पुढचे नशीब ठरवले.

मग पॅनेल इतके स्वस्त असताना आरशांचा विचारच का करायचा?

सूर्यास्तानंतरच्या विजेसाठी. पॅनेलची वीज साठवायला बॅटरी लागते. आरशांची उष्णता मात्र साध्या टाक्यांत, वितळलेल्या क्षारांच्या रूपाने साठवता येते. हे क्षार म्हणजे ६० टक्के सोडियम नायट्रेट आणि ४० टक्के पोटॅशियम नायट्रेट यांचे मिश्रण असते. स्पेनमधील अंदासोल येथील ५० मेगावॉटच्या एका केंद्रात सुमारे २८,५०० टन क्षार आहेत आणि त्यांवर टर्बाइन पूर्ण क्षमतेने साडेसात तास चालते. मात्र हे मिश्रण २४० अंशांच्या आसपास गोठू लागते, म्हणून नळ्या आणि टाक्या सतत गरम ठेवाव्या लागतात. एकदा नळीत क्षार गोठले की ते सोडवणे हे अत्यंत किचकट काम होते.

म्हणूनच अलीकडची केंद्रे दोन्ही पद्धती एकत्र बांधतात. दिवसाची वीज पॅनेलने द्यायची आणि आरशांनी दिवसभर क्षार तापवून रात्रीची वीज द्यायची, अशी ही वाटणी आहे. चिलीतील सेरो दोमिनादोर येथे १०० मेगावॉटची पॅनेल आणि ११० मेगावॉटचा मनोरा असून साठवणूक साडेसतरा तासांची आहे. दुबईत ७०० मेगावॉटच्या आरशांच्या क्षेत्राला २५० मेगावॉटच्या पॅनेलची जोड दिली आहे. आज नव्याने मिश्र केंद्र बांधायचे असेल, तर माझ्या मते गॅस-कोळशापेक्षा हीच जोडी टिकाऊ आहे. अर्थात बॅटरीच्या किमती ज्या वेगाने उतरत आहेत, तो पाहता काही तासांपुरत्या साठवणुकीसाठी हीही जोडी मागे पडू शकते.

लाकूडफाटा, चोथा यांच्याशी जोडणी शक्य आहे का?

शक्य आहे आणि तिच्यात दोन्ही बाजू नवीकरणीय असतात. स्पेनमध्ये कातालोनियातील लेस बोर्जेस ब्लांकेस येथे २०१२ पासून २२.५ मेगावॉटचे असे केंद्र आहे. तेथे दिवसा आरसे आणि रात्री किंवा ढगाळ हवेत जैवइंधनाचे बॉयलर तीच टर्बाइन चालवतात.

गोव्यात हा प्रश्न विचारताना लोकांच्या मनात धारबांदोड्याचा संजीवनी साखर कारखाना असतो. उसाच्या चोथ्यावर सहवीजनिर्मिती महाराष्ट्रातील अनेक कारखान्यांत होते. गाळपाचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल असा असतो आणि गोव्यात स्वच्छ उन्हाचे दिवसही साधारण तेच. चोथ्यात निम्म्याच्या आसपास ओलावा असतो. तो सूर्याच्या उष्णतेने घटवला किंवा बॉयलरचे पाणी सूर्याने आधी तापवले, तर हंगामाअखेर उरलेल्या चोथ्यावर मे महिन्यातही वीज करता येईल. कागदावर हे जुळते, परंतु संजीवनीचे गाळप २०१९-२० पासून बंद आहे. कारखाना इथेनॉलसह पुन्हा सुरू करण्याच्या चर्चेत कोणी बॉयलर बदलण्याचा मुद्दा काढला, तर त्याच आराखड्यात सूर्यासाठी जागा ठेवणे स्वस्त पडेल. नंतर जोडणे महाग पडते.

गोव्यात ऊन तर भरपूर आहे. मग येथे आरशांचे मोठे केंद्र का नको?

ऊन भरपूर आहे, पण त्यातला थेट किरणांचा भाग पुरेसा नाही. आरसा फक्त सूर्याच्या बिंबाकडून सरळ येणारे किरण एकवटू शकतो. ढग, धुके आणि बाष्प यांतून विखुरलेला प्रकाश आरशावर कितीही पडला तरी नळीवर पोचत नाही. पॅनेल मात्र विखुरलेल्या प्रकाशावरही काम करते. आरशांचे केंद्र आर्थिकदृष्ट्या जमण्यासाठी वर्षाला प्रतिचौरस मीटर १,९०० ते २,००० युनिट थेट किरणे लागतात, असा ढोबळ नियम आहे. पश्चिम राजस्थान आणि कच्छचा भाग या आकड्याच्या जवळ जातो, कोकण किनारा बराच खाली राहतो.

मिरगापासून चतुर्थीपर्यंत तर प्रश्नच नाही, कारण या दिवसांत गोव्यात जवळजवळ तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि आरसे अक्षरशः नुसते धुतले जातात. पण उरलेले आठ महिनेही राजस्थानसारखे नसतात. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी नदीकाठांवर धुके असते. मार्चनंतर समुद्रावरून येणारी दमट हवा आकाशाला दुधी छटा देते. डोळ्यांना ऊन लखलखीत वाटते, पण थेट किरणांचे मापन करणारे यंत्र वेगळेच सांगते. म्हणून एखाद्या प्रस्तावात केवळ ‘वर्षाला तीनशे सूर्यप्रकाशित दिवस’ असे लिहिलेले असेल, तर थेट किरणांचा आकडा आधी मागावा.

सडे पडीक आहेत, खाणींच्या जमिनी रिकाम्या आहेत. त्या वापरता येणार नाहीत का?

अंदासोलच्या ५० मेगावॉटच्या एका केंद्राला सुमारे २०० हेक्टर सपाट जमीन लागली. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या राज्यात एवढा सलग सपाट तुकडा मिळणे कठीण आहे. जांभ्याचे सडे वरून ओसाड दिसत असले तरी पावसाळ्यात त्यांवर फुलणारी वनस्पती आणि पायथ्याच्या झऱ्यांना त्यांतून मिळणारे पाणी, यांमुळे त्यांना पडीक म्हणणे बरोबर नाही. खाणींवरील मातीचे ढिगारे अजून खचत असतात आणि आरशांच्या रांगांना तर अतिशय स्थिर पाया लागतो, कारण आरसा किंचित जरी कलला तरी किरणांचा झोत नळीवरून सुटतो. ढिगाऱ्यांवर काही बसवायचेच असेल, तर पॅनेल बसवावीत, ती अशी चूक सहन करतात.

मग गोव्यासाठी यात काहीच नाही का?

आहे, आणि ते विजेपेक्षा उष्णतेत आहे. वेर्णा, कुंडई, पिळर्ण येथील औषध कारखाने, डिचोली-सत्तरीतील काजू कारखाने आणि किनाऱ्यावरची हॉटेले यांपैकी बहुतेकांकडे बॉयलर किंवा गरम पाण्याची व्यवस्था आधीच आहे. सौर उष्णता त्या चालत्या बॉयलरला जोडणे हेच गोव्यापुरते खरे मिश्र केंद्र. शिर्डीला जाणाऱ्या गोवेकरांनी संस्थानच्या प्रसादालयाच्या छपरावरील आरशांच्या ७३ तबकड्या पाहिल्या असतील. तेथे सूर्याची वाफ स्वयंपाकघराच्या वाफेच्या व्यवस्थेला जोडलेली आहे आणि ऊन नसेल तेव्हा नेहमीचा बॉयलर काम करतो.

गोव्यात मी याहून साधा मार्ग सुचवीन. सपाट तावदानांचे किंवा निर्वात नळ्यांचे सौर संच विखुरलेला प्रकाशही वापरतात, त्यांना सूर्याच्या मागे फिरावे लागत नाही आणि ते ७० अंशांपर्यंत पाणी सहज तापवतात. हिशेब असा. सात बार दाबाची एक किलो वाफ तयार करायला, पाणी २८ अंशांवर असेल तर, साधारण २,६५० किलोज्यूल उष्णता लागते. तेच पाणी ७० अंशांवर आले तर १७६ किलोज्यूल वाचतात, म्हणजे इंधनाची साडेसहा टक्के बचत होते. दिवसाला आठ टन वाफ वापरणाऱ्या आणि संघनित पाणी (वापरलेली वाफ थंड होऊन झालेले पाणी) परत न आणणाऱ्या कारखान्याला यासाठी दीडशे चौरस मीटरच्या आसपास संच लागतील आणि चांगल्या उन्हाच्या दिवशी फर्नेस ऑइलची ४० ते ४५ लिटरची बचत होईल. संघनित पाणी आधीच परत येत असेल, तर ही बचत बरीच कमी होते. अशा ठिकाणी आधी नळ्यांवरचे फाटलेले आवरण आणि गळके वाफसापळे (वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपा) दुरुस्त करावेत. त्याला सूर्य लागत नाही.

काजू कारखान्याला हे परवडेल का?

काजूबी आधी वाफवतात, मग टरफल कापतात आणि आतला गर सालीसकट बोरम्यात, म्हणजे सुकवण्याच्या भट्टीत, सुमारे ७० अंशांच्या कोरड्या हवेत कित्येक तास ठेवतात, म्हणजे साल सुटते. बॉयलरला मात्र काजूची टरफलेच घातली जातात आणि ती जवळजवळ फुकट असतात. फुकट इंधनाशी सूर्याला स्पर्धा करता येत नाही. वाचलेली टरफले तेल काढणाऱ्यांना चांगल्या भावाने विकली जात असतील, तरच वाफेसाठी सौर जोड परवडेल. बोरमा वीज किंवा गॅसवर चालत असेल, तर तेथे सौर गरम हवेचा विचार आधी करावा. हॉटेलात डिझेल किंवा गॅस जळतो आणि पर्यटकांची गर्दीही ऑक्टोबर ते मे अशीच असते, त्यामुळे तेथे हिशेब सर्वांत लवकर जुळतो.

खाऱ्या हवेचा त्रास होतो का?

होतो. आरशाच्या मागचा चांदीचा थर कडेने काळा पडू लागतो, सांगाडे गंजतात, फिरत्या सांध्यांत मीठ बसते. किनाऱ्यापासून दूर, फोंडा-धारबांदोड्याकडे त्रास कमी असतो. सांगाडा गरम जस्तलेपनाचा घ्यावा आणि काचेच्या कडा बंद केलेल्या असाव्यात.

भूगर्भातील उष्णता किंवा अणुऊर्जा यांच्याशीही जोडणी होते का?

अमेरिकेत नेवाडातील स्टिलवॉटर येथे भूऔष्णिक केंद्राला पॅनेल आणि आरसे या दोन्हींची जोड दिली आहे. अणुऊर्जेशी जोडणी अजून अभ्यासाच्या पातळीवरच आहे. गोव्याला या दोन्हींचा थेट संबंध नाही.

परवानगी कोणाची लागते?

पाणी १०० अंशांच्या आतच तापवले जात असेल, तर तो संच कायद्याच्या व्याख्येनुसार बॉयलर ठरत नाही. आरशांनी दाबाची वाफ तयार होणार असेल आणि पात्राची क्षमता २५ लिटरपेक्षा जास्त असेल, तर मात्र बॉयलरचे नियम लागू होतात आणि कारखाने व बाष्पके निरीक्षणालयाकडे नोंदणी, तपासणी हे सर्व करावे लागते. चालत्या बॉयलरच्या नळ्यांत बदल करण्याआधीही निरीक्षकांना दाखवणे इष्ट. अनुदान किंवा योजना सध्या कोणत्या आहेत, हे गोवा ऊर्जा विकास संस्थेकडे विचारावे, कारण त्या वारंवार बदलतात.

विक्रेत्याकडून काय लिहून घ्यावे?

महिनावार उष्णतेचा आकडा युनिटमध्ये घ्यावा, जुलैचाही. ‘इतके लिटर गरम पाणी’ एवढ्यावर समाधान मानू नये, कारण पाणी किती अंशांवरून किती अंशांवर गेले हे त्यात कळत नाही. संचाच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या नळीवर तापमापक आणि एक प्रवाहमापक बसवून घ्यावा, त्याचा खर्च एकूण किमतीच्या मानाने किरकोळ असतो. पाणी कठीण असेल तर निर्वात नळ्यांत क्षार साचतात, तेव्हा मऊ पाण्याची सोय कोण करणार हे करारात यावे. आणि सौर बाजू बंद पडली तरी बॉयलर पूर्वीसारखा चालू राहील अशी वळणनळी (सौर संच वगळून पाणी नेणारी नळी) आराखड्यात दाखवलेली असल्याशिवाय सही करू नये.